आधी पाणी अंथरा, मग नदी कोरा

प्रयाग चिखलीला गेलं की आज्जी मला पंचगंगेतल्या पाच नद्यांची नावं घ्यायला लावायची. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. चार झाल्या की मी अडायचो आणि ती पायाखालची जमीन दाखवायची. पाचवी सरस्वती, गुप्त, खालून वाहणारी. गोडोट या गेम बनवायच्या इंजिनात कोल्हापूरचा नकाशा बांधायला घेतला तेव्हा ती सरस्वती पुन्हा आठवली. कित्येक ओपन वर्ल्ड, म्हणजे मोकळं हिंडता येणाऱ्या गेममधलं पाणी असंच असतं. अख्ख्या जमिनीखाली, घरांखाली, डोंगरांखाली एकच सपाट चादर अंथरलेली. जमीन तिच्याखाली उतरली की ती दिसते, एवढंच.

म्हणून खड्डा करून त्यात पाणी ओतायच्या नादाला लागू नका. आधी चादर अंथरा, मग तिच्याखाली जाईल एवढं पात्र कोरा.

जमिनीसाठी एसआरटीएमचा उंचीनकाशा फुकट मिळतो. २००० साली अंतराळयानातून रडारनं केलेली ही मोजणी, साधारण ३० मीटरला एक ठिपका. रडार पाण्यात शिरत नाही, त्यामुळे नदीच्या जागी तळ नाही, पाण्याचा पृष्ठभागच मिळतो. तळ हातानंच कोरावा लागतो. नकाशा १६ बिटमध्येच साठवा. ८ बिटमध्ये उंचीच्या फक्त २५६ पायऱ्या मिळतात. १०० मीटरचा चढउतार असेल तर एक पायरी जवळजवळ ४० सेंटिमीटरची होते आणि काठ जिन्यासारखा दिसतो.

शून्य कुठं धरायचा? आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तो आकडा इथं कामाचा नाही. मी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी मोजायची जी पट्टी आहे, तिचा शून्य धरला. आता माझी चादर सगळं गाव बोलतं त्याच भाषेत बोलते. इशारा पातळी ३९ फूट, म्हणजे ११.८९ मीटर. धोका पातळी ४३ फूट, म्हणजे १३.११. गोडोटमध्ये एक एकक म्हणजे एक मीटर, तेव्हा फुटाला ०.३०४८ नं गुणायला विसरू नका.

काठाला उतार द्या. जमीन आणि चादर जवळजवळ एकाच उंचीवर आल्या की दोन्ही एकमेकींतून लुकलुकतात. माझ्या लाटा १५ सेंटिमीटरच्या आहेत, म्हणून पाण्यालगतची जमीन मी झपकन अर्धा मीटर खाली नेतो. चादरीचं जाळं कॅमेऱ्याबरोबर सरकवा, पण लाट जगातल्या जागेवरून मोजा. नाहीतर खेळाडू चालेल तशी नदीही त्याच्यासोबत चालते.

रंगासाठी डेप्थ टेक्स्चरवरून, म्हणजे कॅमेऱ्यापासून प्रत्येक ठिपका किती लांब आहे त्या नोंदीवरून, पाण्याची खोली काढा. स्वच्छ पाणी लाल प्रकाश आधी गिळतं, म्हणून खोलात निळं-हिरवं दिसतं. जुलैतली पंचगंगा मात्र गढूळ, हातभर खालचंही दिसत नाही. निळंशार पाणी दाखवलंत तर इथला माणूस एका नजरेत ओळखेल.

एक चादर सगळीकडं पुरत नाही. रंकाळा तलाव नदीपेक्षा उंचावर आहे, त्याला स्वतःची वेगळी चादर द्या. बंधाऱ्याच्या वरची पातळी आणि खालची पातळी वेगळी, तिथंही दोन तुकडे करा. माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या गेममध्ये समुद्राच्या पाण्याचा सर्वांत वरचा ठोकळा ६२ व्या थरात असतो. पण २०२१ च्या १.१८ आवृत्तीपासून जमिनीखालच्या गुहांना आपापली पाणीपातळी मिळाली. विहिरी करायच्या असतील तर हीच वाट धरा.

तळघरांनी मला आठवडाभर छळलं. कॅमेरा पातळीच्या खाली गेला की ‘पाण्यात’ असं मी लिहिलं होतं. खेळाडू कोरड्या तळघरात उतरला आणि पोहायला लागला. अशा प्रत्येक जागेभोवती अदृश्य पेटी ठेवा. तिच्या आत पाण्याची तपासणी बंद, आणि चादरीचा तेवढा भागही शेडरमध्ये, म्हणजे पृष्ठभाग रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, वगळा.

आता पूर. चादर नुसती वर उचलली की नदीशी काहीही संबंध नसलेल्या खोलगट मैदानातही पाणी उगवतं, आणि हे साफ खोटं आहे. पाणी वाट शोधत येतं. कोल्हापुरात ते जयंती नाल्यातून उलटं शिरतं. म्हणून नकाशाच्या चौकटी पाडा, नदीच्या एका चौकटीपासून सुरुवात करा, शेजारची चौकट पातळीपेक्षा खाली असेल तरच पुढं जा, आणि लागलेल्या चौकटींचा एक मुखवटा, म्हणजे पाणी कुठं दाखवायचं त्याचा नकाशा, शेडरला द्या. हे गणित दर फ्रेमला नको, पातळी इंचभर बदलली की पुरे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही जिन्याच्या पायरीवर खडूनं रेघ मारून रात्रभर बसलो होतो. मुखवटा बसवल्यावर मी पातळी ३९ वरून सावकाश वर नेली. आधी नाला फुगला, मग सुतारवाडा, मग आमची गल्ली.