रेटिंग ४.६, तरी प्रोजेक्ट बंद: गेम स्टुडिओत नव्याने येणाऱ्यांसाठी

गेम चांगला झाला की तो चाललाच, असं नव्याने येणारी बहुतेक मुलंमुली धरून चालतात. तसं नसतं. मी ज्या मोबाइल गेमवर पहिल्यांदा काम केलं त्याला प्ले स्टोअरवर ४.६ रेटिंग होतं, लोक कमेंटमध्ये भरभरून लिहीत होते, आणि तरीही एका सकाळी मीटिंगमध्ये प्रोजेक्ट बंद झाल्याचं सांगण्यात आलं. का, ते ज्युनिअर लोकांना कुणी समजावलं नाही. ते अजून मनाला लागतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

रेटिंगचा सापळा आधी नीट समजून घ्या. ‘आम्हाला रेटिंग द्या’ ही खिडकी बऱ्याच गेममध्ये खेळाडूने लेव्हल जिंकल्या जिंकल्या उघडते. म्हणजे विचारलं जातं ते खूश माणसालाच. ज्याला पहिल्या दहा मिनिटांत कंटाळा आला तो रेटिंग द्यायला थांबतच नाही, गुपचूप अनइन्स्टॉल करून निघून जातो. तुम्ही वाचता त्या कमेंट उरलेल्यांच्या असतात. स्टुडिओचं लक्ष मात्र निघून गेलेल्यांवर असतं. डी-वन, डी-सेव्हन, डी-थर्टी रिटेन्शन, म्हणजे इन्स्टॉलनंतर पहिल्या, सातव्या आणि तिसाव्या दिवशी किती टक्के खेळाडू परत येतात, हे आकडे त्यासाठीच रोज बघितले जातात.

त्यापुढचा हिशोब आणखी कठोर आहे. समजा, जाहिरात करून एक खेळाडू आणायला ४० रुपये पडले. तो गेम सोडेपर्यंत त्याने केलेली खरेदी आणि त्याने पाहिलेल्या जाहिराती मिळून २५ रुपये आले. म्हणजे माणशी १५ रुपये खिशातून गेले. असे एक लाख खेळाडू आणले तर १५ लाख रुपये गेले! अशा वेळी गेम जितका पसरेल तितका तोटा वाढतो. सीपीआय (एक खेळाडू आणायचा खर्च) आणि एलटीव्ही (तो गेम सोडेपर्यंत त्याच्याकडून आलेले पैसे) यांच्यातलं हे अंतर कुठल्याही कौतुकाने भरून निघत नाही. प्रोजेक्ट बंद करायचा की नाही, हे बहुतेकदा इथे ठरतं.

मोठ्या गेमचं गणित वेगळं असतं, पण तिथेही लक्ष्य आधीच ठरलेलं असतं. २०१३चा ‘टूम्ब रेडर’ समीक्षकांना आवडला होता, पहिल्या महिन्यात ३४ लाख प्रती खपल्या होत्या. तरी तो बाजारात आणणाऱ्या स्क्वेअर एनिक्स कंपनीने विक्री अपेक्षेपेक्षा कमी असल्याचं सांगितलं. जानेवारी २०२३मध्ये आलेला ‘हाय-फाय रश’ सगळ्या मापांवर हिट असल्याचं मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स विभागाच्या अधिकाऱ्याने जाहीरपणे म्हटलं होतं. तरी मे २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टने तो गेम बनवणारा टँगो गेमवर्क्स हा स्टुडिओ बंद करण्याची घोषणा केली. पुढे क्राफ्टन या कोरियन गेम कंपनीने तो स्टुडिओ घेतला, ही त्यातली चांगली बाजू.

म्हणून समीक्षकांचे गुण निरुपयोगी असं मात्र समजू नका. ‘फॉलआउट: न्यू वेगास’च्या वेळी तो बनवणाऱ्या ऑब्सिडियन स्टुडिओचा बोनस मेटाक्रिटिकवर (समीक्षकांच्या गुणांची सरासरी दाखवणारी वेबसाइट) ८५ गुण मिळण्यावर अवलंबून होता. मिळाले ८४. एका गुणाने पूर्ण टीमचा बोनस हुकला. आज तोच गेम चाहते डोक्यावर घेतात, पण करार चाहत्यांच्या प्रेमावर लिहिलेला नव्हता. मला हे आजही अन्यायाचं वाटतं.

तेव्हा मुलाखतीत किंवा रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात सरळ विचारा: या गेमचं लक्ष्य कोणत्या आकड्यात आहे, ते कुणी ठरवलं आणि ते कधी तपासणार? असं विचारलं म्हणून कुणी नोकरीवरून काढत नाही. उत्तर टाळलं गेलं तर ती खूण समजा. सोशल मीडियावर ‘तीन महिन्यांत गेम डिझायनर’ अशी जाहिरात करणाऱ्यांच्या नादी लागू नका. माझ्या मते लाइव्ह-ऑप्समध्ये (सुरू असलेला गेम रोज चालवण्याच्या कामात) चार वर्षं काढलेला, एखादा गेम बंद होताना पाहिलेला सीनिअर त्यांच्यापेक्षा शंभरपट शिकवतो. अशी माणसं कमी बोलतात, त्यांना चहाला घेऊन जा आणि डॅशबोर्ड (गेमचे रोजचे आकडे दाखवणारा स्क्रीन) वाचायला शिकवा म्हणा.

आणि प्रोजेक्ट बंद झालाच तर घाबरू नका. चांगल्या टीमचे प्रोजेक्टही बंद होतात, त्याने तुमची लायकी ठरत नाही. पुढच्या मुलाखती घेणाऱ्यांपैकी अनेकजण त्यातून गेलेले असतात. फक्त एनडीए, म्हणजे गोपनीयतेचा करार, वाचा. आतले आकडे आणि ग्राफ बाहेर नेता येत नाहीत. तुम्ही कोणती सिस्टिम बांधली, कोणती लेव्हल का बदलली, हे पोर्टफोलिओत शब्दांत मांडता येतं का, ते लीडला (टीमच्या प्रमुखाला) लेखी विचारून घ्या, आणि हे काम लॅपटॉप परत करण्याआधी उरका.