मृगाआधीचा सल्ला: चाक्सी चढते ती आधीच्या खाण्यावर

आषाढात भरुचकडची चाक्सी (हिलसा मासा) बाजारात आली की आपल्या घरांत ‘पाला आला’ म्हणतात आणि गाभोळीवाली मादी मागून घेतात. ती कापताना आतडं जरूर बघा. जवळजवळ रिकामं असतं, फार तर चिमूटभर गाळ. गाभोळी मात्र पोट व्यापून. समुद्रातून नर्मदेत चढताना हा मासा फारसा खात नाही. खंभातच्या आखातात आणि नदीमुखाच्या मचूळ पाण्यात कल्ल्यांनी गाळून खाल्लेलं सूक्ष्म शेवाळ नि बारीक जीव अंगात चरबी होऊन राहतात, त्या जोरावर तो पुराच्या गढूळ पाण्यात शिरतो. शिदोरी अपुरी पडली की अंडी कमी धरतात. काही जातींत तर मादी त्या वर्षी चढणच टाळते. त्यामुळे ‘पाऊस झाला, मग मासा का नाही?’ याचं उत्तर दरवेळी पावसात सापडत नाही. धरणांमुळे गोडं पाणी कमी उतरलं की मुखापाशी शेवाळाला लागणारी खनिजंही कमी पोचतात.

डभोई, पादरा, करजणकडे तळी घेतलेल्यांनी हाच हिशेब रोहू-कटल्याला लावावा. हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यासाठी संप्रेरकाचं इंजेक्शन द्यावं लागतं. पण माद्या आधीच नीट पोसलेल्या नसतील तर इंजेक्शनाने काय होणार? फेब्रुवारीपासून शेंगदाणा पेंड नि भाताचा कोंडा समभाग, माशांच्या एकूण वजनाच्या २ ते ३ टक्के, रोज ठरल्या वेळी. उशीर झालेल्यांनी आता एकदम दुप्पट घालू नये. पोटात चरबी साचून अंडाशय दबतो, आणि उरलेली पेंड कुजून पाण्यातला प्राणवायू घटतो, पहाटे मासे वर तोंड काढतात. पाण्यात हात कोपरापर्यंत घाला. त्याआधीच तळवा दिसेनासा झाला तर शेवाळ फार झालंय, शेण-युरियाचं खत बंद. कटल्याला वरच्या थरातले बारीक जीव लागतात, तेव्हा पाणी अगदी नितळ असेल तर थोडं शेण चालेल. इंजेक्शनाच्या आदल्या दिवशी उपास.

मही नि ढाढर नद्यांच्या मुखाकडे जाळी टाकणाऱ्यांना एवढंच: पावसानंतर बारीक आसाची (छिद्रांची) जाळी नकोत. चाक्सीची पिल्लं काही महिने तिथेच खाऊन मोठी होतात, मग समुद्रात उतरतात. बोटाएवढी पिल्लं टोपलीभर विकून हाती कितीसं पडतं?