बिल्ल्याशिवायची सायकल: कॉलेज सुरू होण्याआधीची तयारी

भाची यंदा बारावीला. घर कोथरूडला, कॉलेज फर्ग्युसन रस्त्यावर. अकरावीचं वर्ष बसच्या गर्दीत काढल्यावर तिने जाहीर केलं, "मामा, मी आता सायकलने जाणार." ताईने माझ्याकडे रागाने पाहिलं. या घरात सायकलचं खूळ माझं, त्यामुळे पोरीच्या डोक्यात ते मीच भरवलं असणार, असं तिला वाटलं. शेवटी ठरलं ते असं: कॉलेज सुरू व्हायला तीन आठवडे आहेत, मामाने सगळी तयारी करून घ्यायची आणि मगच सायकल गेटाबाहेर काढायची. तेव्हा जे जे केलं ते इथे लिहून ठेवतोय. घरोघरी जूनमध्ये हाच वाद होत असणार.

आधी कायदा, कारण भाचीचा पहिला प्रश्न तोच होता. सायकलला लायसन लागत नाही, नोंदणी नाही, विमा नाही, पीयूसी नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या लेखी ती मोटार वाहन नाहीच. माझ्या वडिलांच्या सायकलला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला होता. दरवर्षी कर भरून तो नवा घ्यावा लागे, आणि रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसली की हवालदार चाकातली हवा सोडून द्यायचा. तेव्हा त्याचा राग यायचा. आता बिल्ला गेला आणि हवा सोडणारा हवालदारही गेला. सिग्नलवरचा कॅमेरा सायकलचा नंबर टिपत नाही, कारण तिला नंबरच नाही. म्हणजे पूर्वी दुसरं कुणीतरी जे तपासायचं, ते आता घरीच तपासावं लागतं. माझी सगळी यादी यातूनच निघाली.

मात्र कायदा काहीच म्हणत नाही, असंही नाही. रस्त्यावरच्या रहदारीचे नियम करण्याचा अधिकार महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३३ ने पोलीस आयुक्तांना दिलेला आहे, आणि त्या कायद्याच्या 'वाहन' या शब्दात सायकलही येते. एकेरी वाहतूक, प्रवेशबंदी, वाहनांवरचे दिवे हे सगळं त्यात आलं. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवण्याबद्दल आहे. त्यात 'कोणतंही वाहन' म्हटलंय, मोटारच हवी असं नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. भाचीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे सायकलवरून मी गुन्हेगारही होऊ शकते?" होऊ शकतेस, बाई.

मधेच मावशीने पिल्लू सोडलं की बॅटरीवाली घ्या, लायसन लागत नाही. इथे दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. मोटारची ताकद २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तरच अशी गाडी मोटार वाहनाच्या व्याख्येबाहेर राहते. कागदावर २५ आणि प्रत्यक्षात एक वायर काढली की ४०, असली गाडी सतरा वर्षांच्या मुलीच्या हाती देणं म्हणजे लायसनशिवाय स्कूटर देणंच. आम्ही साधी सायकलच ठेवली.

ती सायकल ताईच्या मिस्टरांची, सहा वर्षं जिन्याखाली उभी. ओव्हरहॉलिंगला टाकण्याआधी घरीच पाहिली. टायर अंगठ्याने दाबले तर बाजूला बारीक भेगा. म्हणजे हवा भरून उपयोग नाही, टायर-ट्यूब दोन्ही बदला. किती हवा भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. पंपवाल्याला 'कडक भर' म्हणण्यापेक्षा तो आकडा सांगावा. चाक उचलून फिरवलं तर मागची रिंग आऊट, म्हणजे वाकडी, ब्रेकच्या एकाच गट्ट्याला घासत होती. दोन तारा सैल होत्या. चेनचा गंज रॉकेलने निघाला. हे सगळं सायकलवाल्याने एका दुपारीत केलं. पण एक गोष्ट त्याच्यावर न सोडता मी अंगणात करून घेतली: कोणता ब्रेक कोणत्या चाकाचा. उजवा दांडा दाबला की पुढचं चाक थांबतं की मागचं, हे प्रत्येक सायकलवर बघून घ्यायचं असतं. भाचीला सायकल चालवत येताना खडूच्या रेघेवर दोन्ही ब्रेक एकदम दाबायला लावले. पहिल्यांदा ती रेघेपुढे चांगली सात-आठ फूट गेली. नंतर पाइपने फरशी ओली केली. आता बारा फूट. रेघेपासून तिच्या चाकापर्यंतची ती ओली फरशी ती बराच वेळ बघत राहिली. पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

सीट वर घेतली. टाच पायडलवर ठेवून पाय खाली नेला की गुडघा सरळ व्हावा, एवढी उंची. मुलं हौसेने सीट खाली ठेवतात, पाय टेकतात म्हणून. मग चढावर दम लागतो आणि सायकल नागमोडी जाते.

दिवे. पुढे पांढरा, मागे लाल, आणि हे उलट कधी लावू नये, समोरच्याला तुम्ही जाताय की येताय ते कळत नाही. डायनॅमो हल्ली मिळणं मुश्किल. यूएसबीवर चार्ज होणारे दिवे सोयीचे, फक्त मोबाइलबरोबर रोज रात्री तेही चार्जिंगला लावायची सवय हवी. रिफ्लेक्टर पुढे पांढरा, मागे लाल, पायडलना पिवळे. नवीन सायकलला ते असावेत म्हणून केंद्र सरकारने २०२० मध्ये गुणवत्तेचा आदेशच काढला. घरी आणल्यावर 'गावठी दिसतात' म्हणून लोक ते काढून टाकतात. आमच्या सोसायटीत असे तीन महाभाग आहेत. घंटी मात्र जुनीच ठेवली, पितळी टोपीची. पुण्यात हॉर्नला कुणी वळून बघत नाही, घंटीला बघतात.

हेल्मेट कायद्याने सक्तीचं नाही. ती सक्ती मोटारसायकलला. तरीही घेतलं. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील इतकाच सैल, आणि पुढची कड भुवईच्या जरा वर. मागे टाळूवर सरकलेलं हेल्मेट म्हणजे टोपीच. कपड्यांत खरा शत्रू ओढणी. ती मागच्या चाकात गेली की गळ्यालाच फास बसतो, म्हणून ओढणी सॅकमध्ये, कॉलेजात पोहोचल्यावर घ्यायची. सलवारीचा उजवा पायचा चेनकव्हर नसेल तर क्लिपने आवळायचा. सॅक पाठीवर नको, कॅरिअरला रबरी दोरीने बांधायची, आणि दोरीचं आकड्याचं टोक चाकाकडे लोंबत नाही ना ते बघायचं.

आता रस्ता. दोन रविवार सकाळी सात वाजता आम्ही दोघांनी पूर्ण रस्ता केला, आणि तिसऱ्यांदा मुद्दाम सोमवारी, कॉलेजच्या खऱ्या वेळेला. रविवारचा कर्वे रस्ता आणि सोमवारचा कर्वे रस्ता ही दोन वेगळी शहरं आहेत. नळ स्टॉपला उड्डाणपूल आणि त्याच्या वर मेट्रो. सायकलने पूल चढायचा नाही, खालूनच जायचं, असं ठरवलं. चढावर वेग पडतो आणि मागची रांग अंगावर येते. खाली मेट्रोच्या खांबांमागून माणूस अचानक रस्त्यात उतरतो, तेव्हा खांब दिसला की बोटं ब्रेकवर.

मोठ्या चौकात उजवीकडे वळणं हा सायकलवाल्याचा सगळ्यात वाईट प्रसंग. त्यावर माझा उपाय लाजिरवाणा पण पक्का: डावीकडे थांबायचं, उतरायचं, सायकल हातात धरून झेब्रा क्रॉसिंगवरून चालत जायचं. उतरलात की तुम्ही पादचारी. भाचीला वाटलं सगळे हसतील. सोमवारी नळ स्टॉपला कुणी पाहिलंसुद्धा नाही.

पुढे गुडलक चौकातून फर्ग्युसन रस्त्याला लागायचं. जाताना प्रश्न नाही, तो रस्ता त्याच दिशेने एकेरी. खरी परीक्षा परतताना. कॉलेजच्या दारातून गुडलक चौक अगदी जवळ, आणि कायदेशीर रस्ता म्हणजे फिरून जंगली महाराज रस्त्याला यायचं, तो उलट दिशेने एकेरी. 'सायकलला कुठे वनवे असतो' म्हणत कडेकडेने उलटी येणारी मुलं तिथे रोज दिसतात. पण असतो. पाटीवर सायकल वगळली असं लिहिलेलं नसेल, तर तो सायकललाही आहे. उलट येणाऱ्याची अडचण अशी की उभ्या मोटारीमागून निघणारा ड्रायव्हर मान वळवून फक्त रहदारी येते तिकडेच बघतो. तुम्ही दुसऱ्या बाजूने येताय हे त्याच्या गावीही नसतं. भाचीला मी फर्ग्युसन रस्त्याच्या फुटपाथवर उभं करून पाचच मिनिटं गाड्या निघताना बघायला लावल्या. तिने स्वतःच विचारलं, "हे डावीकडे बघतच नाहीत का?"

पाट्याही दोन-तीनच लक्षात ठेवायच्या. निळ्या गोलात पांढरी सायकल म्हणजे सायकलमार्ग. लाल कडेच्या गोलात सायकल म्हणजे सायकलला बंदी. बीआरटीची लेन रिकामी दिसते म्हणून तिच्यात शिरायचं नाही, ती बसची. आणि पुढे कधी मित्रमंडळाबरोबर लोणावळ्याचा बेत ठरला, तर द्रुतगती मार्ग नाही, जुना मुंबई-पुणे रस्ता.

पुण्यातल्या सायकलमार्गांबद्दल काय सांगू! महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथलगत छान मार्ग झाला, आणि त्यावर मोटारसायकली उभ्या असतात. मार्ग मोकळा असेल तर वापरायचा, पण तिथे चालणारी आजी दिसली की वेग तिचा, तुमचा नाही. मार्ग अडलेला असेल तर मागे बघून, हात दाखवून रस्त्यावर उतरायचं. अचानक उडी मारून नव्हे.

हात दाखवणं हल्ली विसरलं गेलंय. उजवीकडे जायचं असेल तर उजवा हात सरळ बाहेर. डावीकडे जाताना मोटारवाल्यांच्या नियमात उजवा हात गोल फिरवायचा आहे, पण हल्ली ते कुणालाच कळत नाही; सायकलवर सरळ डावा हात बाहेर काढावा. हात दाखवताना एका हाताने सायकल सरळ ठेवता यायला हवी, म्हणून हेही आधी अंगणात. बसच्या डाव्या बाजूने पुढे घुसायचं नाही. बस थांब्याकडे वळणारच आणि ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. डंपर, काँक्रीटचा मिक्सर यांच्या शेजारी सिग्नलला उभंसुद्धा राहू नका, मागे राहा. उभ्या मोटारींपासून दाराच्या रुंदीएवढं अंतर ठेवा. त्यासाठी रस्त्यात थोडं आत यावं लागतं, मागचा हॉर्न वाजवतो. वाजवू दे.

डबलसीट नाही. कानात इअरफोन नाही, एकाही कानात नाही. छत्री एका हातात घेऊन नाही.

खिशात काय? फोनच्या लॉक स्क्रीनवर आईचा नंबर आणि रक्तगट. सॅकमध्ये ट्यूब, टायर रिंगमधून काढायचे दोन चिमटे, काचकागद, ठिगळं, सोल्युशन आणि छोटा पंप. पंक्चर काढायला ती एका संध्याकाळी शिकली, नखं खराब करून घेत. सायकलला आरसी नसते, म्हणून चोरीला गेली तर ती तुमचीच हे सिद्ध करणं कठीण. सायकल उलटी केली की पायडलच्या एक्सलखाली फ्रेमवर नंबर कोरलेला असतो. त्याचा फोटो आणि दुकानाची पावती दोन्ही जपून ठेवा. कुलूप फ्रेममधून घालून कशालातरी बांधायचं. नुसतं चाक बांधलं तर चाक तेवढं उरतं.

ताईला नको असलेला भागही बोललोच. धडक बसली तर आधी ११२ किंवा १०८, मग समोरच्या गाडीचा नंबर, जमलं तर फोटो. मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्याला दीड लाखापर्यंत, सात दिवसांपर्यंत रोकडरहित उपचार मिळण्याची केंद्राची योजना मे २०२५ पासून आहे. सायकलवालाही त्यात येतो. भरपाईचा दावा मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणात करता येतो. पण तिथे तुमचीही चूक मोजली जाते. उलट दिशेने येत होतात किंवा रात्री दिवा नव्हता, हे समोर आलं की रक्कम कापली जाते.

पावसाची तयारी शेवटी, कारण ती रोजची. पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल वर येतं, रस्ता साबणासारखा होतो. पांढरे पट्टे आणि चेंबरची लोखंडी झाकणं यांवर ब्रेक दाबायचा नाही की वळायचं नाही. साचलेल्या पाण्यातून सायकल नेऊ नका, खाली काय आहे दिसत नाही. रेनकोट दोन भागांचा, आणि रंग पिवळा किंवा केशरी. भाचीने काळा निवडला होता, तो बदलून आणला, त्यावरून दोन दिवस अबोला. घरी आल्यावर सायकल गेटातच पुसायची, चेन फडक्यातून उलटी फिरवायची आणि तेलाचे दोन-चार थेंब. रिंगला मात्र तेल लागू द्यायचं नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी ब्रेक लागणार नाहीत.