स्प्रे गनने गाडी रंगवताना या चुका टाळा

दारावर रंगाचा ओघळ उतरला की पहिला संशय रंगावर जातो: थिनर जास्त पडला असेल, डबाच खराब असेल. बहुतेक वेळा दोष डब्यात नसतो, मनगटात असतो.

उभं राहायची जागा न सोडता गन पंख्यासारखी फिरवली, की मध्यावर ती पॅनलजवळ येते आणि दोन्ही टोकांना लांब जाते. मग मध्ये रंग साचतो, टोकांना नुसती कोरडी भुकटी बसते. एचव्हीएलपी गन (कमी दाबावर जास्त हवा सोडणारी) असेल तर अंतर साधारण 15 ते 20 सेंटिमीटर ठेवा, गन पॅनलला काटकोनात धरा आणि मनगट न वळवता सगळा हात सरकवा. बोनेट मोठं असेल तर पायही हलले पाहिजेत. हात आधी चालू करा, ट्रिगर कडेच्या जरा अलीकडे दाबा आणि पलीकडची कड ओलांडल्यावर सोडा. ट्रिगर दाबलेला ठेवून कडेवरच परत फिरलात, तर तिथे दुप्पट रंग पडतो. ओघळ नेमके तिथूनच सुटतात.

प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा, चमकीच्या मेटॅलिक रंगाला त्याहून जास्त, पाऊण. इथे घाई केली की उन्हात काळे-पांढरे पट्टे दिसतात. ते पॉलिशने जात नाहीत, बेस कोट म्हणजे मूळ रंगाचा थर पुन्हा मारावा लागतो.

प्रायमरला, म्हणजे रंगाखालच्या अस्तराला, 1.6 ते 1.8 मिमीचं नोझल लागतं, बेस आणि क्लिअरला (वरचा पारदर्शक थर) 1.3 ते 1.4. नोझल बदलायचा कंटाळा म्हणून प्रायमरच पातळ करणं ही मला सगळ्यात महागात पडणारी चूक वाटते. त्या दिवशी काम छान दिसतं. थिनर उडून थर बसला की खालचे पॉलिश पेपरचे ओरखडे वर येतात. जाड थरावर लगेच दुसरा हात मारला तर अडकलेला थिनर फोड आणि बारीक छिद्रं करून बाहेर पडतो. डब्यावर दिलेला वेळ थांबाच.

हवेचा दाब ट्रिगर दाबून, हवा वाहत असतानाच बघा. दाब कमी पडला की थेंब जाड पडतात आणि संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. पॅनलला हात घालण्याआधी कागदावर एक फवारा मारा. आकार केळ्यासारखा वाकडा आला तर एअर कॅप (नोझलभोवतीची हवेच्या भोकांची टोपी) अर्धा फेरा फिरवून पुन्हा मारा. वाक उलट्या बाजूला गेला तर कॅपचं भोक तुंबलंय. तसाच राहिला तर नोझल बघा. भोक तारेने कोरू नका, थिनरमध्ये भिजवून मऊ ब्रशने साफ करा.

रंग गोल-गोल फाटून खळगे पडले तर खाली तेल किंवा सिलिकॉन आहे. वरून जाड थर मारून ते झाकत नाहीत. थांबा, वाळू द्या, घासून डीग्रीझरने पुसा आणि कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढा.

हार्डनर मिसळून वापरायच्या, म्हणजे टू-के रंगात आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं. त्याचा वास येईपर्यंत ते छातीत गेलेलं असतं, म्हणून साधा धुळीचा मास्क चालत नाही. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्कच घाला.

क्लिअरला ओघळ आलाच तर बोट किंवा फडकं लावू नका. पूर्ण कडक होऊ द्या, मग लाकडी ठोकळ्यावर 1500 नंबरचा वॉटर पेपर ताणून फक्त उंचवटा घासा. नुसत्या बोटांनी घासलंत तर ओघळाच्या दोन्ही बाजूंचं क्लिअर आधी जातं.