रात्रीच्या आगीची डच चित्रं बघायची कशी

आधी ज्वाळांवर अंगठा धरा. हो खरंच, स्क्रीनवर चित्र उघडायचं आणि आग लागलेला भाग अंगठ्याने झाकायचा, मग उरलेलं चित्र निवांत बघायचं. कारण १७व्या शतकातल्या या चित्रकारांचं खरं कसब आगीचा उजेड कुठे कुठे पोचलाय ते दाखवण्यात आहे.

एगबर्ट व्हान डर पूलपासून सुरुवात करा, रात्री जळणारी गावं त्याने कितीतरी वेळा रंगवली. त्यात अगदी पुढची माणसं बघा, उजेड त्यांच्या मागे असल्यामुळे ती जवळजवळ काळीच दिसतात, फक्त खांद्याला नाहीतर टोपीला केशरी कड असते, कोणी सामान ओढतंय, कोणी नुसतं उभं राहून बघतंय. मग धुराकडे जा, तो खालून तांबूस आणि वर जाता जाता आभाळात मिसळतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, डेल्फ्टमधला दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट १२ ऑक्टोबर १६५४ ला सकाळी झाला, त्यामुळे पूलची त्या उद्ध्वस्त शहराची चित्रं दिवसाउजेडाची आहेत, ती यात मिसळू नका.

नंतर आर्ट व्हान डर नेर. माझा सगळ्यात आवडता हाच. याच्याकडे आग बऱ्याचदा लांब, क्षितिजाजवळ असते आणि मध्ये पाणी. चंद्रही असेल तर दोन उजेड वेगळे करून बघा, चंद्राचा थंड चंदेरी आणि आगीचा गरम, पाण्यात ते कुठे भेटतात ते शोधा, इथे घाई अजिबात करू नका.

आग विझवायला त्या लोकांकडे काय होतं तेही शोधा, म्हणजे बादल्या, शिड्या वगैरे. यान व्हान डर हायडन हा स्वतः चित्रकार, त्याने भावाबरोबर १६७२ च्या सुमारास बंबाला जोडायचा चामडी पाइप तयार केला आणि १६९० मध्ये त्यावर चित्रांसकट पुस्तकही काढलं, ती चित्रं जरूर बघा.

रंगवून बघायचं असेल तर पांढरा कागद नको, गडद तपकिरी घ्या. आधी आभाळ, मग काळ्या आकृत्या, आणि सगळ्यात उजळ पिवळा अगदी शेवटी, तोही जरासाच. मोठ्या साइजचे फोटो अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या साइटवर फुकट मिळतात, झूम करून बघता येतं.