सासऱ्यांची के-38 विकली, माझा अनुभव
आम्ही ओहायोत राहतो, सासरे गेल्यावर त्यांची स्मिथ अँड वेसनची के-38 टार्गेट रिव्हॉल्वर बायकोकडे आली, घरात लहान मुलं म्हणून ठेवायची नव्हतीच. आधी रिकामी आहे ना ते नीट बघितलं, सिलिंडर उघडल्यावर आत मॉडेल नंबर दिसला, 14-2 (हे नंबर 1957 पासून टाकायला लागले). एका दुकानदाराने सरळ 300 डॉलर सांगितले, फार वाईट वाटलं. मग ऑनलाइन लिलावात खरंच विकल्या गेलेल्यांचे भाव बघितले, नुसते मागितलेले नाही, आणि माळ्यावरून मूळ बॉक्स शोधून काढला. पॉलिश अजिबात करू नका, मूळ ब्ल्यूइंग (धातूवरचा निळसर-काळा थर) गेलं की किंमत पडतेच. गिऱ्हाईक दुसऱ्या राज्यातलं, म्हणून लायसन्सवाल्या डीलरमार्फतच पाठवली, 750 मिळाले. घेणारे पण टार्गेट शूटिंगच करतात, ते ऐकून बायकोला बरं वाटलं.