'शकतो' म्हणजे दरवेळी 'कॅन' नव्हे: या चुका टाळा

संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात बॅच बदलते, चुका त्याच राहतात. मराठी शब्द दिसला की त्यावर इंग्रजी शब्द चिकटवून मोकळं व्हायची घाई, हे त्यामागचं कारण.

सगळ्यात महागात पडतं ते 'मस्ट नॉट'. 'मस्ट कम' म्हणजे 'यायलाच पाहिजे', मग 'मस्ट नॉट कम' म्हणजे 'यायलाच पाहिजे असं नाही', असा हिशोब मांडला जातो. इंग्रजीत त्याचा अर्थ होतो 'यायचं नाही!' माझी एक विद्यार्थिनी नव्याने नोकरीला लागली होती. शनिवारच्या कॉलला क्लायंट नसला तरी चालणार होतं, म्हणून तिने त्याला लिहिलं, 'प्लीज, यू मस्ट नॉट अटेंड द सॅटर्डे कॉल.' आपल्याला मुद्दाम बाहेर ठेवतायत असं वाटून त्याने थेट तिच्या मॅनेजरला फोन लावला. सोमवारी ती वर्गात आली ती रडवेली होऊनच. मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाली, "मॅडम, यात चुकलं काय? प्लीजसुद्धा लिहिलंय." तिला हवं होतं 'यू डोन्ट हॅव टू अटेंड'.

तेव्हापासून मी फळ्यावर 'येऊ नका' आणि 'नाही आलात तरी चालेल' ही दोन वाक्यं लिहून ठेवते. मेल पाठवण्याआधी आपल्याला यातलं कुठलं म्हणायचंय ते मोठ्याने म्हणा. पहिलं असेल तरच 'मस्ट नॉट'.

दुसरा घोळ 'शकतो'चा. 'मी पोहू शकतो', 'तू जाऊ शकतोस', 'पाऊस पडू शकतो': क्षमता, परवानगी, शक्यता, तिन्हीला मराठीत एकच शब्द. 'कॅन म्हणजे शकतो' असे एकपानी तक्ते मोबाइलवर फिरतात. ते पाठ करणाऱ्यांना मी आधी ते विसरायला लावते. आज संध्याकाळी पाऊस पडू शकतो, तिथे 'मे' किंवा 'माइट' हवं. महाबळेश्वरला धो धो पाऊस पडू शकतो, हा तिथला स्वभाव सांगायचा असेल तर 'कॅन' चालतं.

'जावं लागलं' म्हणजे 'हॅड टू गो'. रजेच्या अर्जात 'आय मस्ट हॅव गॉन टू द डॉक्टर' लिहिलंत, तर 'मी डॉक्टरकडे गेलो असणार' असा स्वतःबद्दलचाच अंदाज होतो.

'कॅन टू गो', 'मस्ट टू गो' कधीच नाही. 'मेबी' जोडून लिहिलं तर 'कदाचित'. 'ही मे बी लेट'मध्ये मात्र दोन शब्द. 'यू हॅड बेटर', म्हणजे 'तुम्ही हे केलेलंच बरं', साहेबांना लिहू नका, त्यात धाक आहे. 'शॅल'चा हुकमी सूर संविधानाच्या कलम 14 मध्ये शोभतो, 'द स्टेट शॅल नॉट डिनाय'. ऑफिसच्या मेलमध्ये 'विल' पुरे. आणि काल तिकीट मिळालं, तर 'आय कुड गेट' नाही, 'आय मॅनेज्ड टू गेट'. मिळालंच नसेल, तर 'कुडन्ट गेट' बिनधास्त लिहा.